इरल्याचं माप

त्यात दिवा लावला होता. इरल्यात. दिवा!

नातीचा साखरपुडा होता, पोलादपूरच्या अलीकडे हायवेला लागून नवं हॉटेल झालंय तिथे. सगळं कोकणी थाटाचं आहे, असं जावई रस्ताभर सांगत होते. थाट म्हणजे काय, तर जात्यात तुळस लावलेली, नांगराला तांबडा रंग फासलेला आणि छताला तीन इरली उलटी टांगून आत बल्ब सोडलेले. व्याह्यांकडच्या बायका माना वर करून "किती गोड, किती गोड" करत होत्या. त्यातल्या एकीने मला विचारलं, "हे काय असतं हो? टोपली का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "टोपली नव्हे. इरलं आहे ते. पावसात वाकून भात लावणाऱ्या बाईच्या डोक्यापासून कमरेपर्यंत असतं." ती म्हणाली, "अय्या, म्हणजे रेनकोटच की!" हो, म्हटलं. साखरपुड्याच्या दिवशी आणखी काय बोलणार?

एक इरलं खाली भिंतीला टेकवून ठेवलं होतं, लोकांनी डोक्यावर घेऊन फोटो काढावेत म्हणून. मी जाऊन हात लावला. आत पानंच नाहीत! नुसती बांबूची जाळी. माझा आजा असता तर कोयती घेऊन मालकाच्या मागे धावला असता. इरलं म्हणजे दोन जाळ्या आणि मधे पळसाची पानं, एकावर एक दाबून बसवलेली. पानं नसली तर ते इरलं कसलं, नुसता सांगाडा तो. मी नाक जवळ नेऊन बघितलं. वॉर्निशचा वास आला. म्हणून मग तिथेच खुर्चीत बसले आणि खरा वास आठवत राहिले. आठवला, आणि राग आला. इतक्या वर्षांनीही तो वास आणि तो राग मला वेगळे करता येत नाहीत.

आमचं गाव महाड आणि पोलादपूर यांच्या मधलं, सावित्रीच्या काठावरचं. साठ सालाच्या आगेमागची गोष्ट सांगतेय. बाबा मुंबईला गिरणीत. घरात आजा, आय, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा दत्तू आणि मी. आजी मी पाळण्यात असतानाच गेली. शेत आजा आणि आय ओढायची, लावणीला शेजारपाजारची माणसं पाळीने यायची.

बाकी वर्षभर आजा आम्हाला मिळायचाच नाही. शेतात नाहीतर रानात. पण शिमगा जवळ आला, की तो घरी यायचा आणि मृगापर्यंत पडवीतून हलायचा नाही. फाल्गुन आणि चैत्र म्हणजे आजा, असंच माझ्या मनात बसलंय. उजाडायच्या आत तो उठे, मिश्री लावी, बैलांना पेंढा टाकी आणि गुळाचा कोरा चहा पितळीत ओतून फुर्र करून पिई. मग पडवीच्या कोपऱ्यातल्या त्याच्या फळीवर जाऊन बसला, की कोयतीचा पहिला ठोका. टक्. तो ठोका ऐकून मी गोधडीतून बाहेर यायची.

ओला बांबू चिरला की कसा वास येतो, कुणाला सांगून कळायचा नाही. थोडा काकडीसारखा, थोडा पावसाच्या पाण्यासारखा. त्यात परसातल्या आंब्याचा मोहोर, शेणाने सारवलेली पडवी, आणि दुपार कलली की शेताकडून येणारा राबाचा धूर. भाताच्या रोपांचा तरवा पेरायच्या जागेवर शेण, पाला, गवत घालून भाजायचं, तो राब. सगळ्या खोऱ्यात महिनाभर तो निळा धूर तरंगत असायचा. आयच्या लुगड्याला, भाताला, माझ्या केसांना, सगळ्याला त्याचा वास. शिमग्याला देवाची पालखी अंगणात यायची, ढोल वाजायचे, मुंबईकर चाकरमानी नव्या पायताणांनी कचकच चालत यायचे. आणि आजा या सगळ्यात मान खाली घालून बांबूच्या कामट्या काढत बसायचा. पालखी दारात आली की तेवढा उठायचा, नारळ द्यायचा, पाया पडायचा आणि परत फळीवर.

बांबू त्याने अवसेच्या आसपास तोडून आणलेला असे. "चांदण्यात तोडलेल्या काठीला भुंगा लागतो," म्हणायचा. पळसाची पानं दिवाळीनंतरच काढून, माळा करून चुलीवरच्या माळ्यात टांगलेली. ती खाली काढायची, पाण्यात भिजवायची, दगडाखाली दाबायची. मऊ झाली का हे तो पान गालाला लावून बघायचा. पांढऱ्या खुंटांचा तो गाल, त्याला चिकटलेलं पान, आणि डोळे मिटलेले. मी हसायची. मग तो तेच पान माझ्या गालाला लावायचा आणि विचारायचा, "झालं का गो बाय?" मी म्हणायची, "नाय अजून." तो पान परत पाण्यात टाकायचा. माझा शब्द प्रमाण! सगळ्या घरात माझ्या शब्दाला किंमत देणारा तो एकच माणूस होता. म्हणून तर सांगते, राग परक्याचा येत नाही एवढा.

आता मापाचं सांगते. पाडव्याच्या सकाळी गुढी उभी केली, कडुनिंब खाल्ला, की आजा खुंटीवरची दोरी काढायचा. अंबाडीची, थोडंथोडं अंतर सोडून गाठी मारलेली. एकेक गाठ म्हणजे घरातल्या एकेका माणसाच्या पाठीचं माप. ज्याचं माप घ्यायचं त्याने लावणीला वाकतात तसं वाकायचं, आणि आजा कपाळापासून माकडहाडापर्यंत दोरी लावायचा. आयचं माप त्याला पाठ होतं, तरी दरसाल घ्यायचा. "माणूस आखडतं," म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या पाठीला दोरी दत्तू लावायचा. आजीची गाठ दोरीत तशीच होती, ती त्याने कधी सोडवली नाही.

माझी गाठ नव्हती. पोरांना इरली नाहीत, आम्हाला गोणपाटाची खोळ. गोणपाट दुमडायचं, टोपीसारखं डोक्यावर घालायचं. दहा पावलांत चिंब, आणि भिजलं की असा वास मारायचं की बैल बरा. मला इरलं पाहिजे होतं. मी चार वर्षांची होते तेव्हापासून दर पाडव्याला आजासमोर जाऊन वाकून उभी राहायची. "माझं घे ना रे आजा, माझं घे." तो माझ्या पाठीवर हलकी चापट मारायचा. "तुझी पाठ अजून कवळी हाय गो. जा, कैरी खा." आय हसायची, मी रुसायची. पाच-सहा पाडवे असे गेले असतील.

त्या वर्षी मी चौथीत होते. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे महाड, दोन कोस चालत. दत्तू जायचाच तिथे. पहिला नंबर माझा किंवा काशीचा, तिसऱ्या कुणाचा नाही. काशी म्हणजे बौद्धवाडीतली माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे शाळेपुरती. ती दाराजवळ बसायची. का, ते कुणी सांगत नसे आणि सगळ्यांना ठाऊक असे. मी गुरुजींची नजर चुकवून दाराकडे सरकायची, कारण काशीला गणितं यायची आणि मला नाही यायची. माझं वाचन बरं होतं. गुरुजी म्हणायचे, "तुम्ही दोघी मिळून एक शहाणी मुलगी होते."

शिमग्याला बाबा आले आणि पिशवीतून छत्री काढली. काळी, लाकडी मुठीची. दत्तूने अंगणात उघडली तेव्हा फटकन आवाज झाला आणि कोंबड्या पळाल्या. घरातली पहिली छत्री ती. मी तिच्याखाली जाऊन उभी राहिले, म्हटलं, "दत्तू, पुढच्या वर्षी आपण दोघं हिच्यातनंच जाऊ." तो म्हणाला, "चल की. पण मूठ मी धरणार." मी कबूल झाले. माझं महाड असं ठरलं. बाबांनी ते ऐकलं होतं. काही बोलले नाहीत, पुरणपोळी खात राहिले. न बोलणाऱ्या माणसांनी जगात जेवढं वाटोळं केलंय तेवढं बोलणाऱ्यांनी नसेल केलं.

मग मार्चात चवदार तळ्याचा दिवस आला. दरसाल वाडीतली माणसं पांढरी कापडं घालून सकाळीच महाडला निघायची, आमच्या बांधावरून ओळीने. त्या साली काशीच्या बापाने तिलाही नेलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः शाळेत आला आणि गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, काशी पाचवीला महाडात जाणार. दाखला तयार ठेवा." मी ते घरी येऊन आजाला सांगितलं, आनंदाने सांगितलं, की बरं झालं, सोबत झाली. आजा कामटी तासत होता. म्हणाला, "जाऊ दे की. तेंच्याकडं शेत कुठं हाय वाट बघायला?"

मला तेव्हा ते कळलं नाही. कौतुकाने म्हणतोय असंच वाटलं. आज कळतं. आमच्याकडे शेत होतं, म्हणून मी शिकायचं नव्हतं. जिच्या बापाच्या नावावर वीतभर जमीन नाही ती शाळेत जाणार, आणि आम्ही मोठे जमीनवाले, आमची मुलगी चिखलात! जळ्ळी मेली ती जमीन. आणि एवढ्या जमिनीच्या बढाया मारणाऱ्या घरात भात दिवाळीपर्यंतसुद्धा पुरत नव्हता, हेही सांगून टाकते.

पाडवा आला. गुढी झाली, कडुनिंब झाला. आयचं माप झालं. मी परसात कैऱ्या पाडत होते. त्या वर्षी मी मागायलाही गेले नव्हते, छत्री होती ना! आणि आजाची हाक आली, "बाय, ये गो. वाक."

मी दगड टाकून धावले. कशी धावले ते आठवतं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. धावत जाऊन वाकून उभी राहिले. आजाचा खरखरीत अंगठा माझ्या कपाळावर, दोरी केसांवरून, मानेवरून, पाठीच्या मण्यांवरून. "वाक. अजून वाक. हां." मग त्याने दोरीला गाठ मारली. आयच्या आणि आजीच्या गाठीच्या आत, माझी नवी गाठ. मी दोरी हातात घेऊन नाचले. आयला दाखवली. आय चुलीकडे तोंड करून बसली होती, तिने वळून बघितलं नाही. मला वाटलं, धुरामुळे डोळे चुरचुरतायत.

मी गावभर सांगत सुटले. "मला इरलं होणार, मला इरलं होणार!" शाळेत काशीला सांगितलं. ती पाटी पुसत होती. थांबली. म्हणाली, "म्हंजे तू शाळेत नाय येणार?"

"का नाय? येणार की."

"इरलं घालून शाळेत कोण जातं गो? इरलं लावणीला असतं."

एवढंच. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला जे एका क्षणात कळलं ते मला पाच-सहा वर्षं मागून मागून कळलं नव्हतं. मी दप्तर तिथेच टाकून घरी आले. आजा फळीवर बसून माझ्याच इरल्याची पहिली कामटी वाकवत होता.

"आजा, मी महाडात जाणार ना?"

तो कामटीकडेच बघत होता. "तुझ्या आयची कंबर गेली गो. माझ्यानं आता तरवा खणवत नाय. दोन हात पायजेत घरात."

"दत्तूचं माप घे मग!"

"दत्तूची छत्री आली ना."

"मला पण छत्री!"

तेव्हा त्याने वर बघितलं. रागाने नव्हे. खरोखर न समजून. "आता गो? तूच मागत व्हतीस ना इरलं? दर पाडव्याला मागत व्हतीस."

हे वाक्य मी कुणाला माफ करणार नाही. आजालाही नाही. चार वर्षांची पोर खेळणं मागते आणि तुम्ही सहा वर्षांनी तिच्या हातात अख्खा जन्म देता, वर म्हणता तूच मागितलास. मी किंचाळले. दोरी ओढून अंगणात भिरकावली. आय बाहेर आली, तिने ती उचलली, धूळ झटकली आणि मला म्हणाली, "ह्यात माझी गाठ बघितलीस का? लग्नानंतरच्या पयल्या पाडव्याची हाय. मला कुणी इचारलं व्हतं?" आणि दोरी खुंटीला लावून आत गेली. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूने बोलेल. बोलली ती अशी.

निकाल लागला तेव्हा गुरुजी घरी आले. पहिला नंबर माझा होता, काशीचा दुसरा. गुरुजी पडवीत बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "आजोबा, पोरगी हुशार आहे. पाचवीला धाडा." आजाने त्यांना चांगला मान दिला, कोकमाचं सरबत करायला सांगितलं. मग म्हणाला, "माप घेतलंय गुरुजी. बांबू चिरलाय." गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, सरबत प्यायले आणि उठले. त्यांनाही दुसऱ्या घरी जायचं असेल. बांबू चिरला म्हणे! बांबू चिरला की जुळत नाही हे सगळ्यांना पटलं, पोरगी चिरली त्याचं काही नाही.

तो सगळा चैत्र आणि वैशाख माझं इरलं पडवीत आकाराला येत होतं आणि मला त्याच पडवीतून ये-जा करावी लागायची. कोकीळ बोंबलत होती, फणस तडकत होते, करवंदांनी ओंजळी भरत होत्या, आणि तो टक् टक् ठोका. मी कानात बोटं घालून परसात बसायची. आजा पान गालाला लावून मला हाक मारायचा, "झालं का गो बाय?" मी उत्तर द्यायची नाही. तो वाट बघायचा, मग स्वतःशीच "नाय अजून" म्हणून पान पाण्यात टाकायचा. त्या वर्षी त्याने पानं फार वेळ भिजवली असावीत.

आणि केलं कसं होतं ते इरलं! सगळ्या गावात तसं झालं नसेल. कामट्यांची एकेक गाठ घासून गुळगुळीत. कपाळाला लागते तिथे जुन्या लुगड्याची मऊ पट्टी. पानं दुहेरी. मृग लागला, मी ते डोक्यावर घेऊन चिखलात उतरले आणि माझ्या अंगावर थेंब आला नाही. एक थेंब नाही! गळकं असतं तर आजाला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

लावणीला वाकले होते तेव्हा बांधावर काशी दिसली. पाऊस कोसळत होता. दप्तर पोटाशी धरलेलं, डोक्यावर गोणपाट, आणि वरपासून खालपर्यंत चिंब. ती महाडला चालली होती. मी कोरडी होते. ती थांबली, मी उभी राहिले. आमच्या मधे नुकते लावलेले भातरोपांचे आवे आणि गुडघाभर पाणी. दत्तू छत्री घेऊन केव्हाच पुढे गेला होता.

आठवडाभर मी ते बघितलं. मग एके दिवशी बांधावर जाऊन इरलं काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"घे."

"तुझा आजा मारील."

"मारू दे."

"आमच्या घरात गेलेलं तुमी परत घेणार नाय."

"म्हणूनच देते."

तिने जरा विचार केला. "फुकट नाय घेणार," म्हणाली. "रविवारी नदीवर ये. आठवड्याचे धडे दाखवीन." आणि इरलं डोक्यावर घेऊन गेली. बांधावरून लांबपर्यंत ते दिसत होतं. मी नाही गेले महाडला. माझ्या पाठीच्या मापाचं इरलं गेलं.

घरी भिजून गेले. आजाने विचारलं, "इरलं?" मी सांगितलं, काशीला दिलं. मला वाटलं, आता हात उचलेल. मला तेच हवं होतं, उचलावा, मी चावावं, काहीतरी मोडावं. तो उठला. माळ्यावरून उरलेली पानं काढली. तीन दिवसांत दुसरं इरलं तयार. परत माप घ्यायलाही बोलावलं नाही. म्हणाला, "माप हाय माझ्याकडं."

असा माणूस. त्याच्याशी भांडता कसं येणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

रविवारी मी नदीवर धुणं घेऊन जायची. काशी पुस्तक आणायची. पाचवीचं, सहावीचं, मग सातवीचं. दगडावर बसून ती गणित समजावायची आणि मी तिला धडे मोठ्याने वाचून दाखवायची. कधी ती पुस्तक आठवडाभर ठेवून जायची. मग मी ते शेतावर न्यायची. भाकरीच्या सुट्टीत बांधावर उकिडवी बसायची, इरल्याच्या आत पुस्तक धरायची आणि बाहेर धो धो पाऊस. पान ओलं व्हायचं ते फक्त पुढून, वाऱ्याने झड आली की. एकदा आजा समोर येऊन उभा राहिला. मी पुस्तक लपवलं नाही. त्याने बघितलं, पाऊस बघितला, आणि बैलांकडे गेला.

पुढच्या पाडव्याला त्याने बोलावलं. "वाक." मी वाकले. दोरी लावली, गाठ सरकवली. मग म्हणाला, "आता बस. उकिडवी." मी बसले. त्याने कपाळापासून पुढे, गुडघ्यापर्यंत दोरी धरली आणि आणखी एक गाठ मारली. त्या साली माझ्या इरल्याला पुढे वीतभर जास्तीची कड होती. गावात कुणाच्या इरल्याला तशी कड नव्हती. बायका हसायच्या, "हिच्या इरल्याला पडवी काढलीय गो!" पण पुस्तक भिजलं नाही त्यानंतर.

हे मी माझ्या मुलीला सांगितलं होतं, तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "बघ, किती जीव होता त्यांचा तुझ्यावर." डोंबलाचा जीव! जीव होता हे काय मला ठाऊक नाही? तोच तर राग आहे. न कळणारा माणूस असता तर सोडून दिलं असतं. ह्याला कळलं होतं. पावसात पोरगी पुस्तक वाचते, पुस्तक पुढून भिजतं, किती भिजतं, कड किती पाहिजे, सगळं दोरी लावून कळलं होतं. मग आजा, एवढं कळत होतं तर वीतभर कड कशाला वाढवलीस? पाठवायचं होतंस. छत्री द्यायची होतीस. दरसाल गाठ सरकवत गेलास, ती एकदा सोडवायची होतीस.

पाच पावसाळे मी आजाने केलेली इरली घातली. मग लग्न झालं, दुसऱ्या शेतात गेले. आजा मी सासरी असतानाच गेला, तेही चैत्रातच. आले तेव्हा पडवीत अर्धवट वाकवलेली कामटी होती आणि पाण्यात पानं तरंगत होती. मी एक पान काढून गालाला लावलं. मऊ झालं होतं. रडले नाही मी. भांडण अर्धं राहिलं होतं, रडणार कशी? काशी मास्तरीण झाली, दासगावकडे बरीच वर्षं होती. भेटलो की ती म्हणायची, "तुझं इरलं सातवीपर्यंत पुरलं मला." मी म्हणायची, "पुरणारच. आजानं केलं होतं." आणि त्या वाक्यात माझा अभिमान यायचा, त्याचाही मला राग यायचा.

हॉटेलात कुणीतरी हाक मारली तेव्हा भानावर आले. नात समोर उभी. पुण्याला नोकरी करते, साखरपुड्याच्या साडीत छान दिसत होती. तिच्या हातात ते भिंतीजवळचं बिनपानांचं इरलं. "आजी, तू घालायचीस ना हे? घाल ना एकदा. फोटो काढू." सगळे गोळा झाले. व्याहीण, जावई, फोटोवाला. मला नाही म्हणता येईना. तिनेच माझ्या डोक्यावर ठेवलं. जाळीतून दिव्यांचा उजेड तोंडावर पडत होता.

फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा वाका. लावणी करतात तसं."

मी डोक्यावरचं इरलं दोन्ही हातांनी धरलं.

"थोडंसंच आजी. फोटो मस्त येईल."

नात हसत म्हणाली, "वाक ना गं आजी. अजून वाक."

तिला काय ठाऊक, ती कुणाच्या शब्दांत बोलतेय. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "तू इथे ये. शेजारी उभी राहा. अशी, सरळ." ती आली. फोटोवाला कुरकुरला, इरलं नीट बसत नाहीये म्हणाला. बसणारच नाही. वाकलेल्या माणसासाठी केलेलं असतं ते, उभ्या माणसाच्या मापाचं नसतंच. मागची कड माझ्या कमरेत टोचत होती. टोचू दे म्हटलं, आणि तशीच ताठ उभी राहिले.